कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांचे लसीकरण

कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांना जीवघेण्या संसर्गजन्य रोगांपासून वाचवण्यासाठी पहिल्या काही महिन्यांत ठरावीक अंतराने लसी देण्याची पद्धत. जन्मल्यावर पहिल्याच दिवशी पोटात गेलेल्या आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) मिळतात. तीच काही आठवडे त्याचे रक्षण करतात आणि तीच लसीला निष्प्रभही करतात. ती एखाद्या पिल्लात आठव्या आठवड्यालाच ओसरतात, तर एखाद्यात सोळाव्यापर्यंत टिकतात, आणि हे वरून ओळखता येत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा देऊन पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर २ ते ४ आठवड्यांनी लस पुन्हा टोचतात. ‘दोन इंजेक्शने झाली, आता पुरे’ म्हणून अखेरची मात्रा चुकवली जाते, ही फार महागात पडणारी चूक आहे. सर्वांत भरवशाची मात्रा तीच असते.

कुत्र्याच्या पिल्लाला डिस्टेंपर (श्वसन, पचन व मज्जासंस्थेवर हल्ला करणारा विषाणूजन्य रोग), पार्व्हो व संसर्गजन्य यकृतदाह यांची एकत्रित लस देतात. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्होत उलट्या व रक्ताचे जुलाब होऊन लहान पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावते. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील किंवा नवी मुंबईतील खारघरमधील सोसायटीची स्वच्छ दिसणारी बागही लस अपुरी असलेल्या पिल्लासाठी सुरक्षित धरता येत नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या ठाणे-नवी मुंबईत त्याची लस टाळू नये. मांजरीच्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया (मांजरांमधील पार्व्होसारखा रोग), हर्पीस व कॅलिसी या विषाणूंवरील तिहेरी लस मिळते. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू माणसाच्या चपलांवरून घरात येत असल्याने दाराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही ती लागतेच.

रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांच्या वयात व पुन्हा वर्षाने देतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय उरत नाही आणि तो माणसालाही होतो, म्हणून ही लस साऱ्या घराची काळजी आहे.

एकत्रित लसीच्या एका कुपीत पांढरी कोरडी वडी असते. दुसऱ्या कुपीतील द्रव तीत मिसळून ती मानेमागच्या सैल कातडीखाली टोचतात आणि कुपीवरचे लेबल सोलून पिल्लाच्या कार्डावर चिकटवतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. टोचल्यावर एखादा दिवस पिल्लू मरगळते. तोंड सुजल्यास मात्र लगेच पशुवैद्याकडे परतावे.

मात्रा पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवू नये. माणसांची, आवाजांची सवय याच वयात लागते, म्हणून त्याला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन ठाण्याच्या तलावपाळीसारख्या गजबजलेल्या जागी फिरवून आणावे.