रिंगपासून रॅकपर्यंत : शेअर बाजारातल्या जागेची गोष्ट

१८५० च्या दशकात मुंबईचे शेअर दलाल टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमत. १८७५ मध्ये त्यांची संघटना झाली, पुढे दलाल स्ट्रीट आली. १९९५ पर्यंत तिथले सौदे रिंगमध्ये, म्हणजे दलाल एकत्र उभे राहत त्या सभागृहात, ओरडून आणि हातवारे करून होत. रिंगमध्ये उभं राहण्याचा हक्क म्हणजे सभासदाचं 'कार्ड', आणि सगळी कमाई त्या हक्कावर. सातारा-सोलापूरच्या गिऱ्हाइकाला आपला शेअर नेमका कोणत्या भावाला गेला हे कळायला मार्ग नसे. दिवसाच्या उच्चांक-नीचांकातला कुठलाही आकडा चिठ्ठीवर यायचा आणि तो मुकाट्याने मान्य करावा लागे.

संगणकावर चालणाऱ्या देशव्यापी बाजाराची शिफारस फेरवानी समितीने १९९१ मध्येच केली होती. हर्षद मेहता प्रकरणाने तिला जोर आला. १९९२ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, स्थापन झाला; डॉ. आर. एच. पाटील पहिले व्यवस्थापकीय संचालक. नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथे शेअरचे व्यवहार सुरू झाले. रिंग नव्हतीच. गावोगावच्या दलालांच्या छपरांवर व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहामार्फत बाजाराशी जोडणाऱ्या, तबकड्या बसल्या. मुंबई शेअर बाजारानेही १९९५ मध्ये 'बोल्ट' ही स्क्रीनवरची पद्धत आणली, तरी वर्षभरातच उलाढालीत एनएसई पुढे गेला. १९९६ नंतर डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या नोंदीत शेअर ठेवण्याची पद्धत, आलं आणि सही जुळत नाही म्हणून परत येणारी सर्टिफिकेटं हळूहळू इतिहासजमा झाली.

नव्या यंत्रणेचा नियम साधा होता : चांगल्या भावाची ऑर्डर आधी, आणि भाव सारखा असेल तर आधी पोहोचलेली आधी. रांगेइतका न्याय्य. मला मात्र पुढची सगळी कथा या दुसऱ्या अर्ध्या वाक्यातच दिसते, कारण 'आधी पोहोचण्या'ला त्या दिवशी किंमत आली. २००८ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, मोठ्या संस्थांना त्यांच्या ऑर्डरी थेट बाजाराच्या यंत्रणेत टाकायची मुभा दिली. मग को-लोकेशन आलं. बाजाराच्याच डेटा सेंटरमध्ये भाड्याने रॅक, म्हणजे सर्व्हर ठेवायची मांडणी, घ्यायचा, आपला सर्व्हर तिथे ठेवायचा आणि मायक्रोसेकंद वाचवायचे. रिंगमधली जागा अशी वेगळ्या रूपात परत विकायला निघाली.

मग कमावतं कोण? सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या अभ्यासानुसार तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमधल्या (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांमधल्या) वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या दलाली पेढ्यांच्या नफ्यातला ९६ टक्के वाटा अल्गोरिदमने, म्हणजे आपोआप ऑर्डरी टाकणाऱ्या संगणक-प्रणालींनी, कमावलेला होता.