सफेद मुसळीतील जनुकीय विविधतेचे मूल्यमापन

सफेद मुसळी (क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम) या औषधी वनस्पतीच्या जंगली समूहांत व लागवडीच्या बेण्यात आनुवंशिक फरक किती आणि कोणता, हे बाह्य लक्षणे, रासायनिक घटक व डीएनए खुणांवरून (डीएनएतील ओळखता येणाऱ्या फरकांवरून) ठरवण्याची प्रक्रिया. या प्रजातीचे नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले. तिचे वर्णन सांतापाव आणि फर्नांडिस यांनी केले. मांसल मुळांतील सॅपोनिन या फेसाळ रासायनिक घटकांमुळे ती शक्तिवर्धक म्हणून विकली जाते.

मूल्यमापनाची पहिली पायरी म्हणजे नेमकी ओळख, आणि नेमकी हीच पायरी अनेकदा घाईत उरकली जाते. महाराष्ट्रात या वंशाच्या अनेक प्रजाती आढळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोकणातल्या बाजारात फोडशी म्हणून मिळणारी कोवळी पानेही याच वंशातली. नुसत्या पानांवरून प्रजाती सांगणे अवघड. उपटून पाहिले तर सफेद मुसळीची जाड मुळे गाभ्यापासूनच (पाने व मुळे जिथून फुटतात त्या आखूड खोडापासून) झुपक्याने फुटलेली दिसतात. क्लोरोफायटम ट्युबेरोसममध्ये मात्र बारीक मुळांच्या टोकाला गाठी लोंबतात. काळी मुसळी तर वेगळ्याच कुळातली.

लागवड बहुतेक बेण्यावरच होते, कारण बियांची उगवण फार कमी. गाभ्याचा तुकडा लागलेले मूळ जूनमध्ये गादीवाफ्यावर लावतात. अशी रोपे मातृरोपाची जनुकीय नक्कल असतात. बेणे हातोहात विकले जात असल्याने दोन जिल्ह्यांतली शेते वेगळी दिसली, तरी वाण एकच असू शकते. म्हणून दहा शेतांतून दहा नमुने आणले की दहा वाण मिळाले, असे धरता येत नाही. जंगलातून नमुने घेताना ठिकाण, उंची व माती यांची नोंद ठेवावी लागते, आणि एकाच झुपक्यातली शेजारची रोपे टाळावी लागतात.

पुढे सर्व नमुने एकाच जमिनीत लावून पानांची संख्या, मुळांची संख्या, लांबी, जाडी आणि सोलून वाळवल्यावर उरणारे वजन मोजतात. एकत्र लावल्याशिवाय हा फरक जनुकांचा की मातीचा, हे सांगता येत नाही. डीएनएसाठी कोवळे पान घेतात. त्यातले चिकट बहुशर्करा पदार्थ डीएनएबरोबर येतात, म्हणून सीटॅब या रसायनाने डीएनए वेगळा करण्याच्या पद्धतीत जादा शुद्धीकरण करावे लागते. आरएपीडी खुणा (डीएनएच्या यादृच्छिक भागांच्या प्रती काढून मिळणाऱ्या) स्वस्त असल्या, तरी प्रयोगशाळा बदलली की निकाल बदलू शकतो, शिवाय एकरूप (दोन्ही प्रती सारख्या) व भिन्नरूप (दोन प्रती वेगळ्या) जनुकजोडी त्यांत वेगळी दिसत नाही. आयएसएसआर (डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या मधल्या भागांच्या खुणा) अधिक भरवशाच्या. एसएसआर (त्या पुनरावृत्त तुकड्यांच्याच लांबीच्या खुणा) दोन्ही जनुकरूपे दाखवतात. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवरील पट्ट्या आहे-नाही अशा नोंदवून जॅकार्ड गुणांक, म्हणजे दोन नमुन्यांतील साम्याचे माप, काढतात व नमुन्यांचा वृक्षालेख (सारखे नमुने जवळच्या फांद्यांवर दाखवणारा आलेख) तयार होतो.

या आलेखाचा अर्थ जपून लावावा लागतो. अशा खुणा बहुधा सॅपोनिन घडवणाऱ्या जनुकांशी जोडलेल्या नसतात. त्यामुळे वृक्षालेखात दूर असलेली दोन रोपे औषधी गुणांत सारखी निघू शकतात. संकरासाठी किंवा निवडीसाठी जनक ठरवताना रासायनिक विश्लेषणाची जोड हवीच.

जंगलातली मुसळी मुळासकट खणली जाते, आणि बी रुजण्याचे प्रमाण कमी असल्याने तो समूह पुन्हा सहज उभा राहत नाही. म्हणून मूल्यमापनात वेगळे ठरलेले नमुने जिवंत क्षेत्रसंग्रहात दरवर्षी लावून जपावे लागतात. गुजरातेत आणंदजवळ बोरियावी येथे औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालयात या पिकावर काम चालते. मूळ जंगलातले समूह जागेवरच राखणे त्याहून निकडीचे, कारण बियांपासून होणारी नवी जनुकीय सरमिसळ मुख्यतः तिथेच घडते.