सर्व्हर शिकताना 'मला जमत नाही' असं का वाटतं

सिस्टिम अॅडमिनच्या नोकरीत नवीन लागलेल्या पोरापोरींना हल्ली सगळेच सांगतात की तुला इम्पोस्टर सिंड्रोम झालाय, म्हणजे जमत असूनही आपण लायक नाही असं वाटतंय, आणि त्यावर कॉन्फिडन्स वाढवायचे कोर्सही विकतात. पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये ही कल्पना मांडली, पण मानसिक आजारांच्या डीएसएम यादीत ती नाहीये. मला वाटतं या शंकेचं मोठं कारण त्या कामातच आहे. 2009 मध्ये कानेमान आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की अंदाज पक्का व्हायला परिणाम लवकर आणि स्पष्ट दिसावा लागतो. इथे तोच उशिरा दिसतो.

डीएनएस घ्या. वेबसाइटच्या नावावरून आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) शोधून द्यायची ही व्यवस्था 1983 पासूनची. मूळ सर्व्हरवर लोड येऊ नये म्हणून मधले रिझॉल्व्हर (आपल्या वतीने नाव शोधणारे सर्व्हर) उत्तर साठवून ठेवतात, किती सेकंद ते टीटीएल ठरवतो, 3600 म्हणजे तास, 86400 म्हणजे अख्खा दिवस. त्यामुळे तुम्ही आयपी अगदी बरोबर बदललेला असतो तरी ऑफिसच्या वायफायवर जुनाच सर्व्हर उघडतो आणि मोबाइल डेटावर नवीन.

आणि खरी गंमत पुढे आहे, 'असं नावच नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं! रेकॉर्ड (नाव आणि आयपीची नोंद) टाकायच्या आधीच कोणी ते नाव शोधलं तर रिझॉल्व्हरला एनएक्सडोमेन, म्हणजे तेच 'नाही' उत्तर, मिळतं आणि 1998 च्या आरएफसी 2308 या इंटरनेटच्या नियमपत्राप्रमाणे तो ते धरून बसतो, किती वेळ, तर झोनच्या (त्या डोमेनच्या नोंदींच्या) एसओए या मुख्य रेकॉर्डचा टीटीएल आणि त्यातली मिनिमम व्हॅल्यू यातलं जे कमी असेल तेवढा. म्हणजे जो काळजीपोटी आधीच तपासून बघतो त्यालाच नंतर बराच वेळ 'नाही' दिसत राहतं, मग तो घाबरून बरोबर असलेला रेकॉर्ड बदलतो, सर्व्हिस रिस्टार्ट करतो, तेवढ्यात साठवलेल्या उत्तराची (कॅशची) मुदत संपते, साइट चालू होते आणि श्रेय जातं रिस्टार्टला.

मानसशास्त्रज्ञ स्किनरने 1948 मध्ये कबुतरांना ठराविक वेळाने आपोआप दाणे दिले, तर त्या वेळी जे चाललं होतं त्यानेच दाणे येतात अशा थाटात एक कबुतर गोल फिरायला लागलं. सर्व्हर रूमच्या दारावरची लिंबू-मिरची याच जातीची, ती काढून टाकावी.

त्यापेक्षा डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने थेट ऑथोरिटेटिव्ह नेमसर्व्हरला, म्हणजे मूळ नोंद असलेल्या सर्व्हरला, विचारा. तिथे नवीन आयपी दिसला की तुमचं काम बरोबर झालंय, बाकी फक्त टीटीएल संपायची वाट बघायची. आणि सिनियर लोकांनो, आयपी बदलायच्या आदल्या दिवशीच टीटीएल 300 वर आणून ठेवायचा असतो हे नवीन माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगा.