साताऱ्याच्या राजवाड्यात शाळा कशी आली?

दरवर्षी ७ नोव्हेंबर आला की साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचे फोटो फिरायला लागतात. १९०० साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा इथे इंग्रजी पहिलीत दाखल झाला, रजिस्टरला नंबर १९१४, आणि २०१७ पासून राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. इतपत बऱ्याच जणांना माहिती असतं, पण सरकारी शाळा राजवाड्यात कशी काय भरायला लागली हे फारसं कुणी विचारत नाही.

वाडा प्रतापसिंह महाराजांनी बांधला, १८२४ चा. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी १८१९ मध्ये तह करून त्यांचं राज्य उभं केलेलं, म्हणजे गादी छत्रपतींची पण लक्ष ठेवायला डोक्यावर रेसिडेंट. तरी माणूस कामाचा निघाला, रस्ते केले, शहराला पाणी आणलं, शाळा काढल्या, छापखानासुद्धा घातला. मग कंपनीशी बिनसलं, कटाचे आरोप झाले आणि १८३९ मध्ये गादीवरून काढून त्यांची रवानगी थेट काशीला. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले, वर्षानुवर्षं तिथे अर्ज करत बसले, उपयोग शून्य. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले. गादीवर बसवलेले भाऊ आप्पासाहेब पुढच्याच वर्षी गेले, पोटचा मुलगा नाही, दत्तक मानायला कंपनी तयार नाही, झालं, डलहौसीच्या काळात राज्य खालसा.

त्यानंतर १८५१ ला साताऱ्यात सरकारी इंग्रजी शाळा निघाली आणि पुढे ती याच वाड्यात भरायला लागली. शाळांची हौस असलेल्या राजाचा वाडा शाळेच्या कामी आला हे चांगलंच म्हणायचं, पण ज्यांनी त्याला हाकललं त्यांचीच शाळा तिथे, हे जरा जास्तच आहे.

भिवा आला तेव्हा सुभेदार रामजी लष्करातून रिटायर झालेले, नोकरीला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, मुलं साताऱ्यात. शाळा सरकारी, म्हणजे कागदावर सगळ्यांना खुली. आत काय चालायचं ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय: कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत घेऊन जायचं, तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तसंच बसायचं. मला वाटतं ७ नोव्हेंबरच्या भाषणांत हे गोणपाट जरा जास्त यायला हवं, नुसता रजिस्टरचा फोटो दाखवून भागत नाही. १९०४ पर्यंत तो इथे शिकला, मग घर मुंबईला हललं आणि पुढचं शिक्षण एल्फिन्स्टनला.

प्रतापसिंहांचं नाव शाळेला मिळालं ते पार स्वातंत्र्यानंतर, इंग्रज गेल्यावर. शाळा आता जिल्हा परिषदेची आहे आणि भिवाची नोंद असलेलं ते रजिस्टर अजून जपून ठेवलंय.