कुत्र्याची नखे घरी कापणे (बेळगाव सीमाभाग)

पाळीव कुत्र्याच्या वाढलेल्या नखांची टोके ठरावीक काळाने छाटण्याची घरगुती निगा. शेताच्या राखणीला असलेले किंवा धनगराच्या कळपामागे माळावर चालणारे कुत्रे दिवसभर खडीदगडातून फिरते, त्यामुळे त्याची नखे आपोआप झिजतात. बेळगाव, निपाणी, चिकोडीसारख्या गावांत गुळगुळीत फरशीवर वावरणाऱ्या कुत्र्याला ही झीज मिळत नाही. खानापूर-जांबोटीकडे तर पावसाळ्यात चिखलामुळे कुत्रे सोप्यातच बसून राहते आणि एरवी झिजणारी नखेही वाढतात.

कुत्रे सरळ उभे असताना नखे जमिनीला टेकत असतील किंवा चालताना फरशीवर टकटक वाजत असतील, तर ती कापायला हवीत. लांब नखामुळे बोट वर आणि बाजूला ढकलले जाते, चाल बिघडते आणि सांध्यांवर ताण येतो. गोणपाटात अडकून नख मुळापासून उचकटले, तर होणारी वेदना फार तीव्र असते. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, थोडे वर, अंगठ्याचे नख असते. ते सहसा जमिनीला लागत नसल्याने झिजत नाही, आणि दुर्लक्ष झाले तर गोल वळून कातडीत घुसते. पुढची दहा आणि मागची आठ अशी बहुतेक कुत्र्यांना अठरा नखे असतात, पण काहींच्या मागच्या पायांनाही अंगठा असतो. म्हणून प्रत्येक पंजा चाचपून पाहावा.

या कामातली सारी जोखीम जिव्हाळीत आहे. नखाच्या आतला रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला कोवळा भाग म्हणजे जिव्हाळी. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. तिच्या टोकापासून साधारण २ मिमी अलीकडेच थांबावे. काळ्या नखात ती बाहेरून दिसत नाही, त्यामुळे एक-एक मिलिमीटरचा काप घेऊन दर वेळी कापलेली बाजू पाहावी. कोरड्या पांढुरक्या भागाच्या मधोमध करडा किंवा काळसर ओलसर ठिपका दिसू लागला की तिथेच हात थांबवावा. माणसाच्या नेलकटरने जाड नख चेपते आणि फाटते, म्हणून कुत्र्यासाठीचा धारदार कटर घ्यावा. अंघोळीनंतर नख थोडे मऊ असते, तेव्हा कापणे सोपे जाते.

बैलाला पत्री (खुराला लोखंडी नाल) मारताना दोराने पाडून त्याचे पाय बांधतात. ती रीत कुत्र्याला लावणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक. एकदा दाबून धरलेले कुत्रे पुढे पंजाला हातही लावू देत नाही. आधी आठवडाभर नुसता पंजा हातात घ्यावा, बोटे दाबावीत, कटर हुंगू द्यावा आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या अंड्याचा किंवा भाकरीचा तुकडा द्यावा. कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई), चॉकलेट, मनुका देऊ नयेत; यांपैकी चॉकलेट आणि मनुका कुत्र्याला विषारी असतात. पहिल्या दिवशी एकच नख कापले तरी काम झाले असे समजावे.

जिव्हाळी कापली गेलीच तर रक्त दिसते तेवढे भयंकर नसते. तुरटीची पूड, ती नसेल तर मक्याचे पीठ नखाच्या टोकावर लावून स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे, मधे मधे उघडून पाहू नये. पंधरा-वीस मिनिटांतही रक्त थांबले नाही, नख कातडीत रुतले असेल किंवा मुळापाशी मोडले असेल, तर जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. कानडीत नखाला ‘उगुरु’ म्हणतात. हा शब्द तिथे उपयोगी पडतो. कुत्र्याने दात लावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, कुत्रे घरचे असले तरीही.

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ कुत्रा सीमाभागात आवडीने पाळला जातो. २००५ मध्ये त्याच्यावर डाक तिकीटही निघाले. तो धावणारा, सडपातळ आणि पातळ कातडीचा. वेगात वळताना अशा कुत्र्याच्या बोटांवर मोठा भार येतो, त्यामुळे त्याच्या नखांकडे अधिक लक्ष द्यावे.

एरवी तीन-चार आठवड्यांनी कापणे पुरते. फार वाढलेल्या नखात मात्र जिव्हाळीही लांबलेली असते. ते एका दिवसात आखूड करता येत नाही. दर आठवड्याला थोडेसे टोक छाटत गेले की ती हळूहळू मागे सरते.