स्वालबार्डचे स्थलनिर्देशक नकाशे

आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहाच्या डोंगराळ अंतर्भागाचे सर्वेक्षण व त्यावरून तयार झालेले नकाशे. क्षेत्रफळ सुमारे 61,000 चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके. निम्म्याहून अधिक भूमी हिमनद्यांखाली आहे.

डच दर्यावर्दी विलेम बारेंट्सने 1596 मध्ये येथील सुळके पाहून ‘स्पिट्सबर्गन’ (टोकदार डोंगर) असे नाव दिले. पण पुढची तीनशे वर्षे नकाशे निघाले ते मुख्यतः किनाऱ्याचेच. देवमाशांच्या शिकाऱ्यांना गरज होती नांगर टाकण्याजोग्या जागांची. आतल्या डोंगरांशी त्यांना काय देणेघेणे?

शास्त्रज्ञ आत शिरले, तेही डोंगरांसाठी नव्हे. ध्रुवाकडे पृथ्वी किती चपटी आहे हे मोजण्यासाठी 1899–1902 दरम्यान स्वीडन व रशियाने येथे रेखावृत्ताचा (उत्तर-दक्षिण रेषेचा) चार अंशांहून थोडा मोठा कंस मोजला. उत्तर भाग स्वीडिशांकडे, दक्षिण भाग रशियनांकडे. शिखराशिखरांमधले कोन मोजून अंतरे काढायची असत. एका शिखरावरून दुसरे दिसले तरच कोन घेता येई, त्यामुळे धुके उतरले की काम ठप्प. सर्वोच्च शिखराचे न्यूटनटोपेन हे नाव या कामाला साजेसेच आहे, कारण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याचे न्यूटननेच मांडले होते. या शिखराची उंची 1,713 मी., कळसूबाईहून अवघी 67 मी. जास्त.

मोनॅकोचा राजपुत्र पहिला अल्बर्ट याच्या पाठबळावर नॉर्वेच्या गुन्नार इसाकसेनने 1906–07 मध्ये वायव्य भागाचे सर्वेक्षण केले. 1920 च्या स्वालबार्ड करारानुसार 1925 मध्ये नॉर्वेचे सार्वभौमत्व लागू झाले आणि नकाशे काढणे हे सरकारी काम बनले.

खरी झेप 1936 ची. बर्नहार्ड लुन्के यांच्या पथकाने नौदलाच्या समुद्रविमानातून, सुमारे 3,000 मी. उंचीवरून, तिरकी छायाचित्रे घेतली. 1938 मध्ये आणखी घेतली. निरभ्र दिवस मोजकेच, आणि तिरक्या चित्रात एका दमात क्षितिजापर्यंतचा मुलूख येतो. मात्र डोंगरामागचा भाग झाकला जातो. कोऱ्या बर्फावर तर उंची काढण्यासाठी दोन चित्रांत जुळवायला एकही खूण सापडत नाही, म्हणून तिथल्या समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) अंदाजाच्या जास्त. नॉर्वेच्या नकाशांत खडकावरच्या समोच्च रेषा तपकिरी आणि हिमनदीवरच्या निळ्या छापतात.

हिमनद्या झिजल्याने या निळ्या रेषा आता जागेवर राहिलेल्या नाहीत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्याच जुन्या छायाचित्रांतून संगणकावर 1936 चा पृष्ठभाग पुन्हा उभा केला आणि दीड हजारांहून अधिक हिमनद्यांची झीज मोजली.