मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरताय? आधी आधार, नाव आणि बारावी तपासा

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म तसा अवघड नाहीये. ऑनलाइन भरायचा, जवळचं अभ्यासकेंद्र निवडायचं, फोटो, सही, मार्कशीट अपलोड करायची, फी भरायची. पण नोकरी-संसार सांभाळून पुन्हा शिकायला निघालेली माणसं फॉर्मच्या आधीच अडकतात आणि मग म्हणतात जाऊ दे, आता काय या वयात. वयाचा काही संबंध नसतो हो, कागदाचा असतो.

पहिली अडचण डेब आयडी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दूरस्थ शिक्षण विभागाचा (डेब) विद्यार्थी क्रमांक. २०२४-२५ पासून यूजीसीने दूरस्थ आणि ऑनलाइन कोर्सला हा आयडी सक्तीचा केलाय. तो काढायला आधी एबीसी आयडी (शिक्षणाचे क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर) लागतो, एबीसीला डिजिलॉकर (सरकारचं ऑनलाइन कागदपत्रांचं खातं), डिजिलॉकरला आधार आणि आधारचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर पंधरा वर्षांपूर्वीचा, बंद पडलेला, नाहीतर मिस्टरांचा किंवा भावाचा. विद्यापीठ १९८९ साली निघालं ते अशाच लोकांसाठी, ब्रीदवाक्यच 'ज्ञानगंगा घरोघरी', आणि ही गंगा आता ओटीपीपाशी येऊन थांबते. म्हणून सगळ्यात आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा, चालू असलेला नंबर जोडून घ्या, अपडेट व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात पळापळ करून उपयोग नाही. डेब आयडी फुकट निघतो आणि एकदाच काढायचा असतो. कॅफेवाला त्याचे पैसे मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे, सरकारचे नाहीत. आणि फॉर्ममध्ये कॅफेवाल्याचा नंबर किंवा ईमेल अजिबात टाकू देऊ नका. पुढे पासवर्ड, परीक्षेचे मेसेज सगळं त्याच्याकडे जातं आणि तुम्ही बसता वाट बघत.

दुसरी अडचण नाव, आणि यात बायकांचा सगळ्यात जास्त जीव जातो. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. फॉर्म अडकला की बऱ्याच जणी घाईघाईने आधारवरचं नाव परत माहेरचं करायला निघतात. थांबा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. लग्नानंतर एकदा बदललं असेल तर आता शेवटची संधी उरलीय, ती एका फॉर्मसाठी घालवू नका, आधी दोन नावं जोडणारा कागद तयार ठेवा. म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र (गॅझेट). लग्नपत्रिका चालत नाही, कितीही जपून ठेवलेली असली तरी.

"आमच्या लग्नाची नोंदणीच नाही केली" हे उत्तर तर ठरलेलंच. पण ती आताही करता येते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे उशिरा नोंदणी होते, थोडा दंड पडतो, तीन साक्षीदार लागतात. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात पालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात. मात्र याला वेळ लागतो, म्हणून प्रवेश सुरू व्हायच्या आधीच हे काम उरकून ठेवा.

तिसरी गोष्ट बारावी. जुन्या मुक्त विद्यापीठवाल्यांच्या तोंडून तुम्ही 'पूर्वतयारी'बद्दल ऐकलं असेल, की बारावी नसली तरी ती परीक्षा देऊन बीए करता येतं. पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे, आणि जिथे नोकरीला बारावी पास मागतात तिथे ते सर्टिफिकेट दाखवून काही होत नाही. त्यामुळे चुलत भावाने कधीतरी केलं होतं म्हणून आपलंही होईल असं धरून चालू नका, ज्या वर्षी प्रवेश घेताय त्याच वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली पात्रता वाचा. पुढे नोकरीसाठीही बारावी लागणार असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाची परीक्षा देणं जास्त बरं. बारावी झालीये पण मार्कशीट हरवलीय? मग ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली तिथेच दुय्यम प्रत मिळते. म्हणजे लातूर मंडळाची असेल तर पुण्यात राहून पुण्याच्या मंडळात खेटे घालून काही मिळणार नाही.

बाकी तारखेचं सांगायचं तर, फॉर्म सबमिट झाला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. कागद तपासले जातात, त्रुटी निघाली तर परत पाठवतात, फी भरल्यावर प्रवेश पक्का होतो. शेवटची तारीख आहे ती या सगळ्यासाठी, नुसतं सबमिट करण्यासाठी नाही. मुदतवाढ बऱ्याचदा मिळते हे खरंय पण तिच्या भरवशावर बसू नका.

कुणी म्हणालं मुक्तची डिग्री नोकरीला चालत नाही तर त्याला सांगा, यूजीसीने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरायची. कोर्सला मान्यता आहे का तेवढं मात्र यूजीसीच्या डेबच्या वेबसाइटवर स्वतः बघून घ्या.

आणि पहिलं वर्ष संपलं की दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आपोआप होत नाही. निकाल लागला नसला तरी वेबसाइट बघत राहा, तारीख निघाली की फॉर्म भरा. केंद्रावरून फोन येईल म्हणून वाट बघू नका, येत नाही.